मित्राच्या युद्धाला ‘हो’ कोण म्हणतं?

१ मार्च २००३, शनिवार. अंकाऱ्यात तुर्की संसदेची बैठक बंद दाराआड सुरू होती. सभागृहात ५३३ सदस्य हजर होते आणि त्यांच्यासमोर एकच प्रस्ताव होता. अमेरिकेचे ६२,००० सैनिक, २५५ विमानं आणि ६५ हेलिकॉप्टर सहा महिन्यांसाठी तुर्की भूमीवर येऊ द्यायची की नाही? ती फौज तिथून पुढे सद्दाम हुसेनच्या इराकमध्ये उतरणार होती. त्या दिवशी शहरात हजारो लोक युद्धाविरुद्ध घोषणा देत रस्त्यावर आले होते. तिकडे भूमध्य समुद्रात तीसहून अधिक अमेरिकी जहाजं ताटकळत उभी होती. त्यांच्या पोटात चौथ्या इन्फन्ट्री डिव्हिजनचे रणगाडे आणि तोफा होत्या, आणि तुर्की बंदरात माल उतरवण्याची परवानगी येते कधी याची ती वाट पाहत होती.

मोजणी झाली. बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. प्रस्ताव मंजूर झाला असंच सगळ्यांना वाटलं, काही वृत्तसंस्थांनी तशा बातम्या जगभर पाठवूनही दिल्या. मग विरोधी बाकांवरून हरकत आली. तुर्की घटनेच्या कलम ९६ प्रमाणे हजर सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक मतं लागतात. ५३३ हजर म्हणजे हव्यात २६७. तीन कमी पडली होती. अध्यक्ष ब्युलेंत अरिंच यांनी आवश्यक बहुमत मिळालं नसल्याचं जाहीर केलं, आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य लष्कराचा उत्तर आघाडीचा बेत त्या संध्याकाळी कोलमडला. काठावर बसलेल्या १९ जणांनी नकाराचं बटण न दाबताही नकार घडवून आणला होता.

मित्रदेश युद्धाला निघाला की आपणही जायचं का, हा प्रश्न जगातल्या बऱ्याच देशांसमोर कधी ना कधी आला आहे. उत्तर करारात लिहिलेलं असतं असा आपला समज असतो. प्रत्यक्षात करार फार थोडं सांगतात. नाटोचंच पाहा. १९४९ च्या त्या कराराचं कलम ५ म्हणतं की एकावरचा हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानला जाईल. पण पुढे काय करायचं, हे प्रत्येक देशाने स्वतःला आवश्यक वाटेल त्याप्रमाणे ठरवायचं आहे, आणि कलम ११ नुसार कराराची अंमलबजावणीही ज्याच्या त्याच्या घटनेप्रमाणेच व्हायची आहे. शिवाय हे कलम हल्ला झाला तरच लागू होतं. आजवर ते एकदाच वापरलं गेलं, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर. इराकने कोणत्याच नाटो देशावर हल्ला केला नव्हता. त्यामुळे २००३ मध्ये तुर्कस्तान, ब्रिटन, कॅनडा, जर्मनी यांपैकी कुणालाच कराराने बांधलेलं नव्हतं. प्रत्येकाला घरीच ठरवायचं होतं. आणि घरी कोण ठरवतं, कधी ठरवतं, यावर उत्तर कसं फिरतं ते या एका युद्धात लख्ख दिसतं.

तुर्कस्तानला हा पेच नवा नव्हता. १९९०-९१ च्या आखाती युद्धात राष्ट्राध्यक्ष तुर्गुत ओझाल यांनी उत्साहाने अमेरिकेची बाजू घेतली होती. इराकचं तेल तुर्की किनाऱ्यावर आणणारी पाइपलाइन त्यांनी बंद केली, इंजिर्लिकचा हवाई तळ वापरायला दिला. सगळं एकहाती चाललं होतं. इतकं, की लष्करप्रमुख नेजिप तोरुमताय यांनी डिसेंबर १९९० मध्ये राजीनामा दिला. युद्ध संपलं, पण तुर्कस्तानचा भोग सुरू झाला. सद्दामच्या सैन्याला भिऊन लाखो कुर्द निर्वासित सीमेवरच्या डोंगरांत येऊन अडकले. निर्बंधांमुळे इराकशी असलेला व्यापार बुडाला. उत्तर इराकमध्ये कुर्दांचा जवळजवळ स्वतंत्र प्रदेश उभा राहिला, आणि स्वतःच्या कुर्द बंडखोरांशी झुंजणाऱ्या अंकाऱ्याला नेमकी याचीच धास्ती होती. नुकसान भरून देण्याची आश्वासनं मिळाली होती. हाती आलं ते फारच तोकडं, अशी तिथल्या लोकांची ठाम भावना होती.

२००३ मध्ये वॉशिंग्टनने पुन्हा दार ठोठावलं तेव्हा या आठवणी ताज्या होत्या. मोबदला मात्र मोठा होता. ६ अब्ज डॉलरचं अनुदान आणि त्याच्या आधारे २४ अब्ज डॉलरपर्यंतची कर्जं. २००१ च्या आर्थिक संकटातून तुर्कस्तान जेमतेम सावरत होता, त्यामुळे ही रक्कम डोळ्यांआड करण्याजोगी नव्हती. पण वाटाघाटी लांबत गेल्या तसे अमेरिकी वर्तमानपत्रांत तुर्की नेत्यांना बाजारात घासाघीस करताना दाखवणारी व्यंगचित्रं येऊ लागली, आणि पैशाचा विषय अब्रूचा होऊन बसला. जनमत चाचण्यांमध्ये दहापैकी नऊ जण युद्धाच्या विरोधात होते.

अशा वेळी निर्णय कुणी घ्यायचा? पंतप्रधान अब्दुल्ला गुल यांचं सरकार जेमतेम तीन महिन्यांचं होतं. पक्षाचे खरे नेते रेसेप तय्यिप एर्दोगान तेव्हा खासदारही नव्हते. राष्ट्राध्यक्ष अहमत नेजदेत सेझर म्हणत होते, आधी आंतरराष्ट्रीय वैधता दाखवा. एरवी प्रत्येक बाबतीत बोलणारं लष्कर यावेळी गप्प होतं. मतदानाच्या आदल्याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची बैठक झाली, तिनेही स्पष्ट शिफारस केली नाही. सरकारने ठराव मांडायला हवा, पण तो पास करण्याचं पाप आपल्या माथी नको, असा सगळ्यांचाच सूर होता. सत्ताधारी पक्षाने व्हिपही काढला नाही. ५५० पैकी साधारण ३६३ जागा हाती असताना बाजूने फक्त २६४ मतं पडली, म्हणजे त्यांच्याच खासदारांनी मोठ्या संख्येने पाठ फिरवली होती.

यात कळीचं होतं ते तुर्की घटनेचं कलम ९२. देशाचं सैन्य बाहेर पाठवायचं असो किंवा परकं सैन्य देशात येऊ द्यायचं असो, परवानगी देण्याचा अधिकार हे कलम संसदेकडे सोपवतं. त्यामुळे जहाजं बंदराबाहेरच थांबली आणि मत आधी झालं.

किंमत मोजावी लागली. सोमवारी इस्तंबूलचा शेअर बाजार दहा टक्क्यांहून अधिक कोसळला. ते मोठं मदतीचं पॅकेज हवेत विरलं. २० मार्चला संसदेने अमेरिकी विमानांना फक्त आकाशातून जाऊ दिलं. चौथी इन्फन्ट्री डिव्हिजन सुएझ कालव्यातून वळसा घालून कुवेतला पोहोचली, आणि उत्तर इराकमध्ये अमेरिकेला २६ मार्चच्या रात्री छत्रीधारी सैनिक उतरवावे लागले. ४ जुलैला सुलेमानियात अमेरिकी सैनिकांनी ११ तुर्की कमांडोंना पकडलं आणि त्यांच्या डोक्यावर पिशव्या चढवून नेलं. तुर्की माणसाच्या मनात ते दृश्य अजूनही सलतं. तरीही नाटोतलं तुर्कस्तानचं स्थान हललं नाही, इंजिर्लिकचा तळ चालू राहिला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकी काँग्रेसने तुर्कस्तानसाठी साडेआठ अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाची तरतूदही केली. ते कर्ज पुढे तुर्कस्ताननेच उचललं नाही.

याच युद्धात दुसऱ्या टोकाला होता ब्रिटन. तिथे युद्धाचा अधिकार परंपरेने राजसत्तेचा, म्हणजे व्यवहारात पंतप्रधानांचा. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी २८ जुलै २००२ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांना एक खासगी टिपण पाठवलं. त्याची सुरुवातच अशी, की काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत असेन. युद्ध सुरू व्हायला तेव्हा आठ महिने बाकी होते, मंत्रिमंडळाने काही ठरवलेलं नव्हतं, संसदेपुढे काही आलेलं नव्हतं. पुढे अटी होत्या, अडचणींची यादी होती. पण पहिल्या वाक्याने शब्द जाऊन बसला होता.

ब्रिटिश संसदेत मतदान झालं ते १८ मार्च २००३ रोजी. ४१२ बाजूने, १४९ विरोधात. मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी त्याआधीच्या दुरुस्ती-प्रस्तावावर आपल्याच सरकारविरुद्ध मत दिलं, माजी परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. आकडे जोरदार दिसतात. पण त्या दिवशी चाळीस हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक आखातात पोहोचून हुकमाची वाट पाहत होते. नकार द्यायचा तर त्यांना माघारी बोलवायचं आणि पंतप्रधानांना घरी पाठवायचं, एवढाच पर्याय खासदारांपुढे उरला होता. महाधिवक्ता लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी ७ मार्चला युद्धाच्या कायदेशीरपणाविषयी १३ पानी सल्ला दिला होता, त्यात शंकाकुशंका होत्या. मंत्रिमंडळाला आणि संसदेला मिळालं ते १७ मार्चचं थोडक्यातलं, निःशंक मत.

गंमत म्हणजे अमेरिकेला ब्रिटनची तितकी निकड होती का, याचं उत्तर तिच्याच संरक्षणमंत्र्यांनी दिलं होतं. ब्रिटन लढाईत उतरू शकला नाही तरी आम्ही मार्ग काढू, असं डोनाल्ड रम्सफेल्ड ११ मार्चला पत्रकारांसमोर बोलून गेले. लंडनमध्ये एकच धावपळ उडाली. बाहेर पडायला दरवाजा किलकिला झाला होता, ब्लेअर यांनी तो ओढून घेतला. इराकमध्ये १७९ ब्रिटिश सैनिक आणि लष्करी कर्मचारी मरण पावले. सर जॉन चिलकॉट यांच्या चौकशी समितीने २०१६ मध्ये अहवाल दिला. शांततेचे मार्ग संपलेले नव्हते, युद्ध हा शेवटचा उपाय नव्हता, असा तिचा निष्कर्ष होता. अहवाल सादर करताना चिलकॉट यांनी हेही सांगितलं की ब्रिटन-अमेरिका मैत्री प्रामाणिक मतभेद सोसण्याइतकी घट्ट आहे, तिला बिनशर्त पाठिंब्याची गरज नाही.

चिलकॉट जे सांगत होते त्याचा पुरावा ब्रिटनच्याच इतिहासात होता. १९६४ मध्ये पंतप्रधान झालेल्या हॅरल्ड विल्सन यांच्यामागे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी व्हिएतनामसाठी लकडा लावला होता. फार नको, नावापुरती एखादी तुकडी द्या, झेंडा दिसला म्हणजे झालं. ब्रिटिश पौंड तेव्हा अमेरिकी आधारावर तगून होता, म्हणजे विल्सन यांची शेंडी जॉन्सन यांच्या हातात होती. पण विल्सन यांचं संसदेतलं बहुमत अवघ्या चार जागांचं होतं आणि पक्षातला डावा गट डोळ्यांत तेल घालून बसला होता. विल्सन यांनी शब्दांत अमेरिकेची पाठराखण केली, सैनिक एकही दिला नाही. कारणं तयार होती. बोर्निओच्या जंगलात मलेशियासाठी हजारो ब्रिटिश सैनिक आधीच इंडोनेशियाशी लढत होते, आणि व्हिएतनामविषयीच्या १९५४ च्या जिनिव्हा परिषदेचं सह-अध्यक्षपद ब्रिटनकडे होतं. जॉन्सन चिडले. त्यांचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क तर एका ब्रिटिश पत्रकाराला म्हणाले की पुन्हा कुणी तुमच्यावर चालून आलं तर आमच्याकडे पाहू नका. पण पौंडाचा आधार काही अमेरिकेने काढला नाही, कारण पौंड गडगडला तर पुढचा धक्का डॉलरला बसणार होता.

ऑस्ट्रेलियाने उलटा हिशेब केला. दक्षिणेकडे एकटं पडू नये म्हणून अमेरिकेच्या पुस्तकात आपल्या नावावर काही जमा असावं, असा पंतप्रधान रॉबर्ट मेन्झिस यांचा विचार होता. २९ एप्रिल १९६५ रोजी त्यांनी संसदेत सांगितलं की दक्षिण व्हिएतनामच्या विनंतीवरून आपण एक बटालियन पाठवत आहोत. ती विनंती मिळवण्यासाठी खुद्द ऑस्ट्रेलियालाच पाठपुरावा करावा लागला होता, आणि पत्र हाती आलं ते भाषणाच्या काही तास आधी. सक्तीच्या भरतीसाठी वीस वर्षांच्या तरुणांच्या जन्मतारखा सोडतीने काढल्या जात. एका पिंपात आकडे लिहिलेल्या गोट्या टाकायच्या, ज्या तारखेची गोटी निघेल त्या दिवशी जन्मलेला मुलगा सैन्यात. सुमारे ६०,००० ऑस्ट्रेलियन त्या युद्धात गेले, पाचशेहून अधिक परत आले नाहीत.

दक्षिण कोरियाचे लष्करशहा पार्क चुंग-ही यांनी तर रोखठोक सौदा केला. तीन लाखांहून अधिक सैनिक आळीपाळीने पाठवले, बदल्यात लष्करासाठी आधुनिक सामग्री, सैनिकांचे डॉलरमधले भत्ते आणि कोरियन कंपन्यांसाठी बांधकामाची कंत्राटं घेतली. कोरियाच्या औद्योगिक भरारीला त्या पैशाने हात दिला, हे तिथले अभ्यासकही मान्य करतात. त्यासाठी सुमारे पाच हजार कोरियन जवान मेले, आणि त्यांच्या वतीने हो म्हणणारा माणूस बंड करून सत्तेवर आलेला होता.

नकार देण्याचीही एक रीत असते आणि ती कॅनडाला चांगली साधली. १७ मार्च २००३ रोजी पंतप्रधान झाँ क्रेतियाँ यांनी संसदेत उभं राहून सांगितलं की सुरक्षा परिषदेच्या नव्या ठरावाशिवाय युद्ध झालं तर कॅनडा त्यात नसेल. कॅनडाची ८० टक्क्यांहून अधिक निर्यात अमेरिकेला जात होती, त्यामुळे उद्योगपती धास्तावले. पण क्रेतियाँ यांच्या सरकारने महिनाभर आधीच काबूलमध्ये सुमारे २,००० सैनिक पाठवण्याचं जाहीर करून ठेवलं होतं. एका दाराने नाही म्हणताना दुसरं दार उघडं होतं. बुश यांनी ओटावाची नियोजित भेट पुढे ढकलली, राजदूतांनी नाराजी बोलून दाखवली. व्यापाराची गाडी होती तशीच चालू राहिली.

त्याच वर्षी हा प्रश्न दिल्लीतही आला. भारत अमेरिकेचा करारबद्ध मित्र नव्हता, पण दोन्ही देश स्वाभाविक मित्र आहेत असं अटलबिहारी वाजपेयी १९९८ पासून म्हणत होते. बगदाद पडल्यावर अमेरिकेने भारताकडे सुमारे १७,००० सैनिकांची एक डिव्हिजन मागितली, उत्तर इराकमध्ये बंदोबस्तासाठी. जून २००३ मध्ये पेंटागॉनचं पथक दिल्लीत येऊन गेलं. सरकारमधल्या एका गटाला ही मोठी संधी वाटत होती. वाजपेयींनी घाई केली नाही. सोनिया गांधी यांच्याशी बोलले, त्यांचं विरोधाचं पत्र घेतलं, इतर पक्षांचा कानोसा घेतला. लोकसभेने एप्रिलमध्येच एकमताने या युद्धाचा निषेध केलेला होता. १४ जुलैला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने ठरवलं की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, एरवी नाही. जोडीला इराकी जनतेसाठी रुग्णालय उभारण्याची तयारी दाखवली. अमेरिका नाराज झाली, पण दोन वर्षांनी, १८ जुलै २००५ रोजी, याच दोन देशांनी अणुकराराची घोषणा केली.

इराकच्या वाळूशी महाराष्ट्राचा जुना आणि कडू संबंध आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने मेसोपोटेमियात पाठवलेल्या फौजेचा कणा होता सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. बगदादच्या वाटेवर ती कूट-अल-अमारात वेढली गेली, घोड्यांचं मांस खाऊन दिवस काढले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आली. सुमारे १३,००० जण कैद झाले, त्यांतले बहुसंख्य भारतीय. वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत हजारो मेले. त्यांना तिथे धाडताना इथल्या कुणाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचं परस्पर जाहीर केलं, तेव्हाही कुणाला विचारलं नाही. याच कारणावरून प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, त्यांत मुंबईचं बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळही होतं.

स्वातंत्र्यानंतर विचारण्याची सोय झाली का? कागदावर नाही. सैन्य परदेशी पाठवण्याआधी संसदेची मंजुरी घ्या, असं सांगणारं कलम भारतीय घटनेत नाही. १९९१ च्या आखाती युद्धात चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईत इंधन भरू दिलं, तेही संसदेला न विचारता. गदारोळ झाल्यावर ते थांबलं. श्रीलंकेत शांतिसेना गेली ती २९ जुलै १९८७ च्या करारानंतर लगोलग, आधी मतदान न होता. अडीच वर्षांत सुमारे १,२०० जवान गमावून ती परतली.

मतदानात वेळ जातो, गुप्तता राहत नाही, हा आक्षेप खोटा नाही. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवमध्ये बंड झालं, तेव्हा भारतीय छत्रीधारी सैनिक काही तासांत तिथे पोहोचले म्हणून सरकार वाचलं. पण या अडचणीवर तोडगा निघालेला आहे. जर्मनीत घटनात्मक न्यायालयाच्या १९९४ च्या निकालापासून सशस्त्र सैन्य बाहेर पाठवायला बुंडेस्टागची मंजुरी लागते, आणि २००५ च्या कायद्याने तातडीच्या प्रसंगी ती मागाहून घेण्याची मुभा आहे.

२००३ मध्ये भारत इराकपासून दूर राहिला, कारण पंतप्रधानांनी विरोधकांना विचारलं आणि विरोधकांनी मोकळेपणाने सांगितलं. तसं करण्याचं कोणतंही बंधन त्यांच्यावर नव्हतं. एका पंतप्रधानाच्या स्वभावावर इतका मोठा निर्णय सोडणं धोक्याचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेबाहेर भारतीय सैन्य परदेशी भूमीवर पाठवायचं असेल तर जहाजं आणि विमानं निघण्याआधी लोकसभेत मतदान झालं पाहिजे, तातडी असेल तर ठरावीक दिवसांच्या आत मागाहून झालं पाहिजे, आणि तशी तरतूद कायद्यात लिहिलेली असली पाहिजे.